माहेरपणाचा आकडा

१९

धैर्यशील फाटकाशी उभा होता. उभं राहणं त्याला किती जड जातंय हे गज धरलेल्या त्याच्या बोटांवरून कळत होतं. तरी तो उभा होता, आणि रिक्षा थांबल्यावर वृषालीला पहिल्यांदा दिसलं ते हेच.

"आक्का, पिशवी दे इकडं."

"तू आधी स्वतःला सांभाळ. पिशवी माझ्याकडं बरी आहे."

आई गेल्याला चार वर्षं झाली होती. चार वर्षांत वृषाली गडहिंग्लजला दोनदा आली, दोन्ही वेळा सकाळी येऊन संध्याकाळी मिरजेला परत. बोलवणारं कोणी नव्हतं असं नाही. धाकटा भाऊ होता, त्याची बायको स्नेहल होती. पण 'ये कधीतरी' म्हणणं वेगळं आणि 'पंधरा दिवस राहायला ये, चहाचा कपसुद्धा उचलायचा नाहीस' म्हणणं वेगळं. गेल्या आठवड्यात धैर्यशील फोनवर हे दुसरं वाक्य बोलला. तेव्हा वृषालीच्या पाळणाघरातली अकरा पोरं भोवती कालवा करत होती. ती फोन कानाला लावून बाथरूममध्ये गेली, कडी लावली आणि रडली.

कडी लावून बाथरूममधल्या पाटावर बसणं हीच तिची दिवसातली विश्रांती. तीन मिनिटं. चौथ्या मिनिटाला सासूबाई हाक मारत, नाहीतर एखादं पोर दार वाजवी. गेली सात वर्षं तिला थकवा होता. येत-जात नव्हता, होता, भिंतीत ओल असते तसा. सकाळी तिच्या आधी तो उठायचा. लोहाच्या गोळ्या झाल्या, सकाळचं ऊन झालं, भिजवलेले बदाम झाले, श्वासाचे व्यायाम शिकवणाऱ्या बाई झाल्या. नवरा सुहास म्हणाला, "मनावर घेतेस तू फार." तेही करून बघितलं, मनावर घेणं सोडलं. थकवा राहिलाच.

स्नेहलने दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. आत नेऊन बसवलं. मग धैर्यशीलने एक मऊ, राखाडी पट्टी आणली.

"दंडाला बांध. काढायची नाही. अंघोळीला चालते."

"हे काय?"

"तापाचं काहीतरी बघतात. घरात येईल त्याला बांधायला सांगितलंय."

स्नेहल खाली फरशीकडे बघत होती. फरशी स्वच्छ होती.


१८

पहिले दोन दिवस वृषाली चोरून उठत होती. पहाटे स्नेहलच्या आधी उठून तिने अंगण झाडलं. दुपारी भाजी निवडली. माहेरी आलेल्या बाईने 'बस गं, मी करते' म्हणायचं, आणि घरच्या बाईने 'नाही आक्का, तुम्ही बसा' म्हणत हातातली सुरी काढून घ्यायची, हे ठरलेलंच असतं. फक्त इथे स्नेहल खरंच काढून घेत होती. बळाने.

"आक्का, माझी शपथ आहे."

"अगं, शेंगा निवडल्या तर काय झिजते मी?"

"झिजता," स्नेहल म्हणाली, आणि शेंगा घेऊन निघून गेली.

स्नेहल त्यांच्या मामाची मुलगी. लहानपणी सुट्टीला तिघं एकाच गोधडीत झोपायची. अठरा वर्षांपूर्वी ती धैर्यशीलची बायको झाली आणि आत्याची सून. सकाळी हायस्कूलमध्ये गणित शिकवायची, दुपारी घरी, मग शिकवण्या, मग धैर्यशीलचं सगळं. मूल नव्हतं. धैर्यशील भूमापन कार्यालयात मोजणीदार होता. दिवसाला दहा-दहा किलोमीटर शेताचे बांध तुडवायचा. तीन वर्षांपूर्वी शेंदऱ्या तापाची साथ आली, तिच्यात तो सापडला. ताप नऊ दिवसांत उतरला. उतरताना बरोबर काहीतरी घेऊन गेला. तेव्हापासून तो अर्धी दाढी करून थांबायचा, टेकायचा, आणि उरलेली अर्धी दुपारी करायचा.


३४

तिसऱ्या दिवशी वृषाली हरली आणि झोपली. अकरा तास. उठली, जेवली, परत झोपली. चौथ्या दिवशी तिने आईच्या वेळचा एक जुना दिवाळी अंक काढला आणि पडल्या पडल्या जाहिरातींसकट वाचून संपवला.

पाचव्या दिवशी एक गोष्ट झाली. ती गच्चीवर गेली, आणि वर पोचल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण कठड्याला हात लावला नाही.

तिने खाली जाऊन पुन्हा जिना चढून बघितला. परत खाली, परत वर. चव्वेचाळीस वर्षांची बाई भरदुपारी जिन्यावर चढउतार करतेय हे बघून शेजारच्या कोकिळाकाकूंनी विचारलं, "काय हरवलं काय गं?"

"सापडलं काकू!" ती वरून ओरडली.

जगाला कोणीतरी फडकं मारल्यासारखं झालं होतं. वरणाला वास होता. निळा निळा होता. मिरजेहून सुहासचा निरोप आला, 'आईचे मोजे कुठे आहेत', आणि तो वाचून तिला राग आला. राग! सात वर्षांत तिला राग यायलासुद्धा जोर उरला नव्हता. तिने लिहिलं, 'जिथे असतात तिथे,' आणि फोन उलटा ठेवला.


४७

थकवा म्हणजे ताकद संपणं, अशी माणसांची फार जुनी समजूत होती. टाकीतलं तेल संपलं की गाडी थांबते, तसं. पण ताकद संपायच्या कितीतरी आधी माणूस थकतो. स्नायूंत साखर असते, हृदय ठीक असतं, तरी मेंदू हात वर करतो: बास. थकवा हा मेंदूचा निकाल आहे. आणि तो निकाल फिरवणारा एक बारीकसा प्रथिनाचा रेणू शरीर स्वतःच बनवतं, हे बारा वर्षांपूर्वी कळलं. नाव पडलं विश्रामिका. रक्तातून तो मेंदूपर्यंत जातो आणि सांगतो, आता खर्च करायला हरकत नाही.

तो कधी बनतो, याचा शोध लावताना संशोधक चक्रावले. झोपेत बनेल असं वाटलं होतं. काहींच्या झोपेत भरपूर बनायचा, काहींच्या आठ-आठ तासांच्या झोपेत थेंबभरही नाही. शेवटी उत्तर कानात सापडलं. झोपेतही मेंदूचा एक भाग पहारा देत असतो: कोणी हाक मारेल का, दूध उतू जाईल का, खोकला कुणाचा. तो पहारा चालू असेपर्यंत विश्रामिका बनत नाही. माणूस जागा असो वा झोपलेला, आपल्याला आता कोणी उठवणार नाही अशी शरीराची खात्री पटावी लागते. ती पटायला काहींना तासभर पुरतो. काहींना तीन दिवस लागतात. काहींची आयुष्यात पटत नाही.

शेंदऱ्या तापाने ज्यांच्या विश्रामिका बनवणाऱ्या पेशी जळाल्या त्यांना ती बाहेरून द्यावी लागते. कारखान्यात अजून जमलेलं नाही. परक्याची शरीर स्वीकारत नाही. रक्ताच्या नातेवाइकाची स्वीकारतं, पण सगळ्यांची नाही, जुळावी लागते. दात्याच्या दंडावरची पट्टी आकडा दाखवते. साठच्या वर गेला की काढता येते. काढली की दाता आधी होता त्याच्याही खाली जातो. घेणाऱ्याला दहा दिवस पुरते.

हे सगळं वृषालीला तोवर माहीत नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं की माहेरी आल्यावर बरं वाटतं, आणि ते तिच्या आईलाही माहीत होतं, आजीलाही.


५२, ५१, ४९

सातव्या दिवशी स्नेहल शाळेत गेली होती. मोरीत भांड्यांचा ढीग होता. वृषालीच्या अंगात इतकं बळ आलं होतं की बसवेना. तिने पदर खोचला आणि कढई घासायला घेतली. गाणं म्हणत. दुसऱ्या कढईवर होती तेव्हा आतल्या खोलीतून फोनचा टिटटिट आवाज आला, आणि पाठोपाठ भिंत धरत धैर्यशील.

"आक्का, ठेव ते! खाली बस!"

"अरे, दोन कढया..."

"बस म्हणतो ना! आकडा पडतोय तुझा!"

ती राखेच्या हाताने तशीच बसून राहिली. तो दाराच्या चौकटीला टेकला होता, दम लागला होता, हातात फोन होता, आणि फोनवर तिचं नाव होतं.

"कसला आकडा?"

त्याने फोन पाठीमागे नेला.

"धैर्या. कसला?"

त्याने सांगितलं. खाली बघत, तुकड्यातुकड्यात, मध्ये दम घेत. साठ लागतात. बावन्न झाले होते. गुरुवारी विश्रामिका काढायला केंद्रात जायचं होतं. दोन खुर्च्या असतात, मध्ये यंत्र. काही दुखत नाही.

"म्हणून बोलावलंस."

"म्हणूनच नाही गं..."

"मग आई गेल्यावर चार वर्षं का नाही?"

नळ ठिबकत होता. तिने तो बंद केला.

"गेल्या वर्षी नंदूने दिलं होतं," तो म्हणाला. नंदू म्हणजे त्यांचा चुलतभाऊ नंदकुमार. त्याचा आकडा चौऱ्याहत्तर निघाला होता. आयुष्यात दुसरं काही त्याने साठवलंच नव्हतं. "दहा दिवस, आक्का. दहा दिवस मी माणूस होतो. हे फाटक मी रंगवलंय, तुला माहितेय? नेसरीची एक मोजणी केली पूर्ण. दाढी केली रोज. एका दमात." त्याने गालावरून हात फिरवला. "नंदू दोन दिवस थकला. जन्मात पहिल्यांदा थकला, तर गावभर सांगत फिरला की मला मारायला नेलं होतं. परत आला नाही."

"स्नेहलचं?"

"बघितलं की. काही उपयोग नाही."

वृषालीने हात धुतले. तिला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली, आणि मारण्याइतका जोर आपल्यात आहे हे कळून तिला रडू आलं. तो जोरच त्याला हवा होता.

"मागितलं असतंस तर दिलं असतं," ती म्हणाली.

"मागितलं असतं तर तुला विसावा लागलाच नसता. केंद्रातले म्हणतात, दात्याला आधी सांगू नका. सांगितलं की चढतच नाही."


आठव्या दिवशी पिशवी भरली. नवव्या दिवशी रिकामी केली.

कारण आठव्या दिवशी दुपारी तिने त्याला बघितलं. तो पलंगावर बसून शर्टाचं बटण लावत होता. वरचं लावलं, हात मांडीवर ठेवले. डोळे मिटले. मग दुसरं. चौथ्या बटणाला त्याने शर्ट तसाच सोडला आणि आडवा झाला. हा तिच्या पाठुंगळीला बसून शाळेत गेलेला पोरगा. त्याला खोटं बोलायला लागलं. तिलाही बाथरूमची कडी लावायला लागत होती.

"देते मी," ती म्हणाली. "यावेळचं देते. पुढचं पुढं बघू."

पण शरीराला कुणी विचारलं होतं?


५५

५५

५५

तीन दिवस आकडा हलेना. केंद्रातल्या मुलीला फोन लावला.

"ताईंना काही काळजी आहे का? कान कशावर आहे त्यांचा?"

"कशावर नाही," वृषाली म्हणाली. आणि त्याच क्षणी स्वयंपाकघरात स्नेहलने पिठाचा डबा खाली ठेवला, तो कुठल्या हाताने ठेवला हे तिला आतल्या खोलीत पडल्या पडल्या कळलं. साडेपाचला स्नेहलच्या चपला. सातला स्कूटी. दीडला परत. भांडी. शिकवणीची पोरं. धैर्यशीलचं गरम पाणी. मध्येच पावलं थांबायची. तेव्हा ती ओट्याला टेकून डोळे मिटून उभी असणार. वृषालीने ते टेकणं ओळखलं. ते तिचंच टेकणं होतं.

"माझे साठ नाही व्हायचे," तिने भावाला सांगितलं. "तुझी बायको उभी आहे तोवर माझ्या पाठीला गादी लागत नाही."

"मग काय करू?"

"डबा लाव. तीन दिवस तिला रजा घ्यायला सांग. शिकवण्या बंद. तुझं आकडा बघणंही बंद, फोनचा तो आवाजसुद्धा. तीही माझ्याशेजारी पडेल."

"ती? ती पडेल?"

"उचलून पाडते."


आता त्या तीन दिवसांबद्दल.

मधल्या खोलीत दोन गाद्या. खिडकीला पडदा. दोन वेळा खानावळीचा डबा, खारट आमटीसकट. पहिल्या दिवशी स्नेहल गादीवर पाहुण्यासारखी बसली, पाय खाली सोडून.

"पड की."

"पडते."

"मग पड."

"आक्का, मला ना, दिवसा पडायचं कसं ते आठवेना झालंय."

दोघी हसल्या. हसताना स्नेहल आडवी झाली. आणि मग बोलणं सुरू झालं ते थांबेना. मामांच्या घरामागची चिंच. मधुरा कुलकर्णीचं पळून जाणं, आणि आठ दिवसांनी कंटाळून परत येणं. आत्या, म्हणजे वृषालीची आई, सुनेला उखाणा घ्यायला लावायची आणि स्वतःच विसरायची तो प्रसंग.

"तुझी तपासणी केली होती ना? काय निघालं?" वृषालीने विचारलं.

स्नेहल उठली, कपाटातून कागद काढून आणला आणि वर्गात वाचावा तसा वाचला.

"दात्याचं नाव: स्नेहल धैर्यशील मगदूम. रुग्णाशी नातं: पत्नी. रक्ताचं नातं: नाही. आकडा: सात. शेरा: घेण्यासारखं काही नाही." तिने कागद घडी घातला. "माझ्याबद्दल इतकं खरं आजवर कोणी लिहिलं नव्हतं, आक्का."

"सात! मी आले तेव्हा माझे एकोणीस होते. मी तर म्हणजे श्रीमंत."

"दाखवा तरी ती पट्टी. बघू माझे आठ झालेत का."

वृषालीने आपली पट्टी सोडून तिच्या दंडाला बांधली. आकडा स्नेहलच्या फोनवर बघितला. अकरा. दोघींनी टाळी दिली.

पट्टी तशीच राहिली. स्नेहल झोपली होती, कोण सोडणार? ती दुपारी दोनला झोपली ती दुसऱ्या दिवशी सकाळी उठली. उठून पाणी प्यायली आणि परत झोपली. वृषाली तिच्याशेजारी बसून होती. स्नेहलची मिटलेली मूठ झोपेत हळूहळू उघडत गेली, बोट बोट करून, तसं तिने याआधी फक्त पाळणाघरातल्या बाळांचं बघितलं होतं.

दुसऱ्या दिवशी एकोणचाळीस. तिसऱ्या दिवशी, अठरा वर्षांची तहानलेली जमीन पाणी पिते तसं,


६६

"आक्का! आक्का!" धैर्यशील दारात उभा होता. "सहासष्ट झाले तुझे! चला, आत्ताच जाऊ!"

"माझे नाहीत," वृषाली म्हणाली. "पट्टी तिच्या हाताला आहे."

तो थांबला. स्नेहल उठून बसली होती, केस मोकळे, गालावर उशीचा वळ. किती तरी वर्षांनी ती तिच्या वयाची दिसत होती.

आणि मग वृषालीने भावाच्या चेहऱ्यावरून एक विचार चालत जाताना बघितला. तो विचार तिला त्याच्याआधी कळला. तिला वाटलं, उठून हाताने त्याचे डोळे झाकावेत.

"स्नेहल," तो हळूच म्हणाला. "तू मामाची मुलगी आहेस."

बस, एवढंच. केंद्राच्या कागदावर 'पत्नी' लिहिलं की पुढचा रकाना आपोआप 'नाही' भरत होता. ज्या गावात निम्मी लग्नं मामाच्या मुलीशी होतात, त्या गावातल्या केंद्रात. आणि घरातल्या तिघांपैकी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण स्नेहल आधी मामाची मुलगी होती, पण त्याला अठरा वर्षं झाली होती. आता ती बायको होती. बायकोचं रक्त कोण बघतं?

संध्याकाळपर्यंत निकाल आला. जुळत होतं. वृषालीपेक्षा चांगलं.


०५

हा स्नेहलचा, गुरुवार दुपारचा, काढून झाल्यावरचा.

रिक्षातून उतरताना धैर्यशीलने तिला हात दिला. त्याने! फाटकाची कडी त्याने एका बोटाने उडवली. घरात येऊन दाढी केली, पूर्ण, शीळ घालत. मग मोजणीच्या साहेबांना फोन लावला, मग मित्राला. "घरातच होतं की रे! तीन वर्षं गावभर शोधत होतो."

स्नेहल सोफ्यावर बसली होती. तिचा रंग परत राखाडी झाला होता. आधी होता त्याहून.

"कसं वाटतंय?" वृषालीने विचारलं.

"सवयीचं," ती म्हणाली. "वाईट एवढंच आक्का, की आता मला माहितेय बरं वाटणं कसं असतं. आधी माहीत नव्हतं तेच ठीक होतं."

"नाही म्हण."

"त्यांना? तुम्ही म्हणालात?"

वृषालीने तिच्या पायांवर चादर टाकली.

"आणि खरं सांगू?" स्नेहल डोळे मिटून हसली. "दहा दिवसांतले तीन दिवस मला झोपायला मिळेल. डॉक्टरांच्या हुकमाने. शाळेत दाखला देतायत. अठरा वर्षांत असा हुकूम मला कुणी दिलाय?"

रात्रीच्या जेवणाआधी धैर्यशील बहिणीजवळ येऊन बसला. मांडी घालून, पाठ ताठ.

"आक्का, तुला आता त्रास नाही. तुझी सुटका."

"बरं."

"फक्त एक. ती पडायची म्हटली की घरात कोणीतरी लागणार. बाई लावली तर तिचा कान बाईवरच राहील. तुझ्यावर तिचा भरवसा आहे. तू दहा दिवसांतून तीन दिवस आलीस तर..." त्याने तिच्याकडे नीट बघितलं. "तू आता ताजीतवानी झालीयस."

चार वर्षं तिने ज्या हाकेची वाट बघितली ती आता दर दहा दिवसांनी येणार होती. कायमची. स्वयंपाकघरातून.


५८

म्हणून ती अजून नऊ दिवस राहिली. सुहासने विचारलं, 'येणार आहेस की नाही', तिने लिहिलं, 'शनिवारी'. दुसऱ्यांदा काढायची वेळ आली होती. स्नेहल मधल्या खोलीत तीन दिवसांपासून पडून होती. आकडा सकाळी अठ्ठावन्न. दुपारपर्यंत साठ व्हायला हरकत नव्हती. धैर्यशीलने तो वृषालीच्या फोनवरही जोडून दिला होता, म्हणजे तिला 'अंदाज राहील'.

वृषालीच्या दंडावर आता पट्टी नव्हती. तिचा आकडा कुणी बघत नव्हतं. नऊ दिवस तिने दोन्ही वेळचा स्वयंपाक केला, कपडे, अंगण, शिकवणीच्या पोरांना परत पाठवणं. धैर्यशील नऊ दिवसांपैकी सहा दिवस मोजणीवर गेला, दोन दिवस मित्रांकडे, आणि आज, दहावा जवळ आला तसा, परत खुर्चीत. पण उठता येत होतं त्याला अजून. सकाळी पेपर आणायला कोपऱ्यापर्यंत गेला होता.

ती जिना चढून गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली, आणि अर्ध्यात तिचा हात कठड्याकडे गेला. लागला नाही. नुसता गेला.

तिने कपडे तिथेच ठेवले, खाली आली आणि पिशवी भरली.

"आक्का?" मधल्या खोलीतून स्नेहलचा झोपेतला आवाज आला. "आहात ना?"

वृषाली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, पिशवी खांद्याला. तिने हात लांब करून एक वाटी ओट्यावर मुद्दाम वाजवली.

"आहे गं. पड तू."

फोनवर अठ्ठावन्नचे एकोणसाठ झाले.

तिने विजेच्या शेगडीवर कुकर लावला. मग बाहेर धैर्यशीलकडे गेली.

"मी निघाले."

"कुठं?"

"मिरजेला. माझ्या घरी."

"आज? आक्का, एकोणसाठ आहेत तिचे! आज कसं..."

"हळू बोल. तिला वाटतंय मी आत आहे. तसंच वाटू दे. कुकर लावलाय. तीन शिट्ट्या झाल्या की बंद कर. भाजी चिरलेली आहे, फोडणीला टाक. भांडी वाजव थोडी. ती झोपून राहील."

"मी उठू?"

"ऊठ."

"अगं पण मला..."

"तिच्या नऊ दिवसांच्या जिवावर उभा आहेस. एक बटण दाबण्याइतकं तिचं तुझ्यात अजून शिल्लक असेल."

त्याचा चेहरा लहानपणी खेळणं काढून घेतल्यावर व्हायचा तसा झाला. तिला वाटलं, उठेल. खुर्चीच्या हातांवर त्याने तळवे ठेवले होते, उठणारा माणूस ठेवतो तसे.

ती फाटकाबाहेर आली. पहिली शिट्टी रस्त्यावर ऐकू आली. रिक्षा समोरच उभी होती. तिने रिक्षावाल्याला बोटाने थांब म्हटलं. दुसरी झाली. तिसरी.

चौथी.

हातातल्या फोनवर साठ होते. बरोबर साठ.

पाचवी शिट्टी लांबलचक झाली. "अगं, ऐकलं का..." असा धैर्यशीलचा आवाज आला, खुर्चीतूनच. मग शिट्टी मध्येच तुटली, बटण दाबल्यावर तुटते तशी. कोण उठलं हे बघायला वृषालीला खिडकीपर्यंत जावं लागलं नाही. साठचे छप्पन्न झाले होते. त्रेपन्न. आणि मग स्नेहलची हाक आली, आधी हळू, स्वयंपाकघरात कुणीतरी असल्यासारखी: "आक्का?" आणि पुन्हा, आता तिथे कोणी नाही हे दिसलेल्या बाईची: "आक्का!"

पन्नास.

"येताय ना बाई?" रिक्षावाला म्हणाला.

वृषालीने फोन बंद करून पिशवीत टाकला आणि रिक्षात बसली. स्टँडवर मिरजेची गाडी सुटायच्या बेतात होती. ती पळाली, पिशवी घेऊन, गर्दीतून, न थांबता, आणि गाडीची पायरी एका उडीत चढली. दम लागला नाही. तिने दोन्ही हातांनी पुढच्या सीटचा दांडा धरला आणि मान खाली घातली. अंगातलं ते हलकेपण आता कुठे फेकून द्यावं ते तिला कळेना.